मदतीचा पूर ओसरल्यावर

मोबाइलवरच्या एका चित्रफितीमुळे दिल्लीतल्या एका वृद्ध जोडप्याचा ढाबा रातोरात देशभर गाजला. अनोळखी माणसांनी भरभरून पैसे पाठवले. पण वर्गणीच्या पैशावर धंदा उभा राहतो का आणि राहिलाच तर टिकतो का? छोटा व्यवसाय सुरू करू पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावा, असा हा अनुभव आहे.

दक्षिण दिल्लीतल्या मालवीय नगरात हनुमान मंदिरासमोर 'बाबा का ढाबा' होता. ढाबा कसला, रस्त्याकडेची एक टपरीच. कांता प्रसाद आणि त्यांची पत्नी बदामी देवी हे ऐंशीच्या घरातले जोडपे १९९० पासून ती चालवत होते. दोघे मिळून डाळ, भात, मटर-पनीर, पराठे रांधायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाढायचे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि गिऱ्हाईक तुटले. टाळेबंदी उठली तरी ते परत आले नाही. रांधलेले अन्न पातेल्यात तसेच राहू लागले.

२०२० च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गौरव वासन हा तरुण तिथे पोहोचला. दिल्लीतल्या खाण्यापिण्याच्या जागांच्या चित्रफिती तयार करून तो यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर टाकत असे. दिवसभरात किती कमाई झाली, असे त्याने विचारताच कांता प्रसादांनी दहा-दहाच्या मोजक्या नोटा काढून दाखवल्या आणि त्यांना रडू कोसळले.

ती चित्रफीत ७ ऑक्टोबरला ट्विटरवर पसरली आणि पाहता पाहता लाखो लोकांपर्यंत पोहोचली. रवीना टंडन, सोनम कपूर यांसारख्या चित्रपट तारकांनी दखल घेतली. दुसऱ्या दिवशी त्या टपरीपुढे रांग लागली. वाहिन्यांचे कॅमेरे आले, आमदार आले, झोमॅटोने ढाब्याचे नाव आपल्या यादीत घातले. ज्यांना दिल्लीला जाणे शक्य नव्हते, त्यांनी घरबसल्या पैसे पाठवले.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. खरा धडा त्यापुढच्या आठ महिन्यांत आहे.

पैसा आला, मागोमाग वादही आला

मदतीचा पूर आला तेव्हा साधा प्रश्न उभा राहिला, पैसे पाठवायचे कुठे? गर्दीत ज्याला जो खाते क्रमांक मिळाला, त्यावर त्याने पैसे पाठवले. महिना संपायच्या आत कांता प्रसाद पोलिसांत गेले. वासन यांनी आपले आणि आपल्या नातेवाइकांचे खाते क्रमांक देऊन पैसे गोळा केले आणि ते आपल्यापर्यंत पूर्ण पोहोचले नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. नोव्हेंबरमध्ये गुन्हाही नोंदवला गेला. वासन यांनी आरोप फेटाळले आणि बँकेतल्या व्यवहारांचे तपशील लोकांपुढे ठेवले. कालपर्यंत ज्या समाजमाध्यमांवर त्यांची वाहवा होत होती, तिथेच आता शिव्याशाप सुरू झाले. कुणी वृद्धाला लबाड ठरवले, कुणी तरुणाला.

जून २०२१ मध्ये कांता प्रसादांनी वासन यांची जाहीर माफी मागितली. तो मुलगा चोर नव्हता, चूक आपली झाली, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. वासन त्यांना जाऊन भेटले आणि वादावर पडदा पडला.

दोघांपैकी कुणाची नियत कशी होती, याचा निवाडा करायचे आपल्याला कारण नाही. पण एवढे मात्र लक्षात घ्यायला हवे, की पहिल्याच दिवशी एकच खाते जाहीर झाले असते, ते ज्याला मदत करायची त्याच्याच नावावर असते आणि किती पैसे आले, हे रोज संध्याकाळी लोकांना कळत राहिले असते, तर भांडणाला फारशी जागाच उरली नसती. मदत मनापासून असली तरी हिशेब लागतोच. 'आपल्यात कसला हिशेब' म्हणत ज्या घरांनी भावाभावांत धंदा केला, त्या घरांना हे वेगळे सांगायला नको.

टपरी चालते, हॉटेल का चालत नाही?

डिसेंबर २०२० मध्ये कांता प्रसादांनी मालवीय नगरातच नवे हॉटेल थाटले. टेबल-खुर्च्या आल्या, स्वयंपाकी आणि वाढपी आले. गुंतवणूक झाली सुमारे पाच लाखांची. फेब्रुवारी २०२१ मध्ये, म्हणजे दोन महिन्यांतच, ते बंद करावे लागले आणि नवराबायको पुन्हा जुन्या टपरीत आले.

त्यांनी पुढे वृत्तपत्रांना दिलेला हिशेब बोलका आहे. हॉटेलचा महिन्याचा खर्च होता सुमारे एक लाख रुपये. त्यात ३५,००० रुपये जागेचे भाडे आणि ३६,००० रुपये तीन नोकरांचे पगार. शिवाय वीज, पाणी आणि किराणा. विक्री मात्र महिन्याला कधी ४०,००० रुपयांच्या वर गेली नाही. बंद करताना खुर्च्या, भांडी, यंत्रे विकून हाती आले ३६,००० रुपये.

जरा कागद-पेन्सिल घेऊन बसा. समजा, एक थाळी शंभर रुपयांना विकली आणि सामानाचा खर्च वजा जाता तीत चाळीस रुपये सुटले. तरी नुसते भाडे आणि पगार भागवायला महिन्याला पावणेअठराशे, म्हणजे रोज साठ थाळ्या खपायला हव्यात. तेव्हा कुठे मालकाच्या हाती शून्य येते. टपरीवर ना असले भाडे होते, ना पगारी माणसे. म्हणून थोड्या विक्रीतही चूल पेटत होती.

चित्रफीत पाहून आलेला माणूस एकदा येतो. जेवतो, ढाब्यापुढे उभा राहून फोटो काढतो, तो आपल्या मित्रांना दाखवतो आणि जातो. त्याचे घर असते द्वारकेला किंवा गाझियाबादला. रोजच्या जेवणासाठी तो मालवीय नगरात येणार नाही. रोज येणारा असतो शेजारच्या दुकानातला नोकर, रिक्षावाला, मंदिराबाहेरचा फूलवाला. त्याला दया येऊन चालणार नसते, त्याला चांगली डाळ परवडणाऱ्या दरात हवी असते. दयेने आलेली गर्दी पाहून भाड्याचा करार करणे, ही चूक भल्याभल्यांकडून होते.

शिकलेसवरलेले उद्योजकही याला अपवाद नाहीत. अमेरिकेत २००९ साली सुरू झालेल्या किकस्टार्टर या संकेतस्थळावर २०१२ साली 'पेबल' या मनगटी घड्याळासाठी जवळजवळ ६९,००० लोकांनी मिळून एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम आगाऊ दिली. त्या काळातला तो विक्रम होता. २०१६ च्या अखेरीस ती कंपनी बंद पडली. गर्दीने दिलेला आरंभ कितीही दणक्यात झाला, तरी पुढची वाट बाजारातूनच जाते.

वर्गणी आपल्याला नवी नाही

'क्राउडफंडिंग' हा शब्द कानाला नवा वाटतो, पण महाराष्ट्राने हा प्रयोग शंभर वर्षांपूर्वीच केला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी 'पैसा फंड' काढला. माणशी एक पैसा गोळा करायचा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभारायचा, अशी ती कल्पना. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. 'केसरी' हेच त्या काळचे समाजमाध्यम होते म्हणा ना! गावोगाव स्वयंसेवक हिंडले. या पैशा-पैशातून १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना सुरू झाला.

आता यातली दोन कामे वेगळी करून पाहा. पैसे गोळा करणे हे एक काम आणि काच तयार करणे हे दुसरे. पहिले काम वर्तमानपत्राने आणि स्वयंसेवकांनी केले. दुसऱ्या कामासाठी परदेशात जाऊन काचेचे तंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांना आणण्यात आले. ते उत्तर हिंदुस्थानातले. पुढे त्यांनी संयुक्त प्रांतात बहजोई इथे स्वतःचा काच कारखाना काढला. देशभक्तीच्या लाटेवर पैसा उभा राहिला, पण भट्टीपाशी जाणता माणूसच उभा करावा लागला.

घरगुती पातळीवरही हेच. महाराष्ट्रात भिशी आहे, दिल्ली-पंजाबकडे तिलाच कमेटी म्हणतात आणि दिल्लीच्या बायकांची किटी तर प्रसिद्धच आहे. दहा-बारा जणींनी दरमहा ठरावीक रक्कम काढायची आणि पाळीपाळीने एकीने उचलायची. यातून कित्येकींची शिलाई यंत्रे आली, पिठाच्या गिरण्या आल्या. लेखी करार नसतानाही भिशी चालते, कारण सगळ्याजणी एकमेकींची घरे ओळखतात. हप्ता बुडवणारीला उद्या जिन्यात तोंड दाखवायचे असते.

सोशल मीडियाने हे वर्तुळ मोठे केले. दहा जणींच्या जागी दहा हजार अनोळखी माणसे आली. पैसा वाढला, पण जिन्यात भेटण्याची भीती गेली. म्हणून ओळखीतून मिळणारी हमी इथे हिशेबाने आणि कागदाने भरून काढावी लागते.

पैसे मागायचे, पण कशाच्या बदल्यात?

लोकांकडून पैसे उभे करण्याचे ढोबळमानाने चार मार्ग आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की घोटाळा होतो.

पहिला मार्ग देणगीचा. देणारा परतफेडीची अपेक्षा ठेवत नाही. बंगळुरूची 'मिलाप' २०१० साली आणि मुंबईची 'केटो' २०१२ साली सुरू झाली. अशा संस्थांमार्फत मुख्यतः आजारपण, शिक्षण, आपत्ती यांसाठी मदत गोळा होते. धंद्यासाठी देणगी मागणे अवघड, कारण 'नफा तुम्ही कमावणार, मग आम्ही फुकट का द्यावे?' हा लोकांचा प्रश्न रास्त असतो.

दुसरा मार्ग आगाऊ विक्रीचा. आज पैसे द्या, माल तयार झाला की पहिला तुम्हाला. पेबल घड्याळ असेच विकले गेले. किकस्टार्टरचा नियम असा, की ठरवलेली रक्कम मुदतीत पूर्ण झाली तरच पैसे मिळतात, नाहीतर एकाच्याही खात्यातून काही कापले जात नाही. अर्धवट पैशात अर्धवट कारखाना उभा राहू नये, हा त्यामागचा शहाणपणा आहे.

तिसरा मार्ग कर्जाचा. अनेकांनी थोडे थोडे करून एकाला कर्ज द्यायचे. २००८ साली सुरू झालेल्या 'रंग दे' या संस्थेने गावोगावच्या छोट्या व्यावसायिकांसाठी हा मार्ग रुळवला. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१७ मध्ये अशा संस्थांसाठी नियम केले. त्यांना रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी करावी लागते. एक व्यक्ती एका कर्जदाराला ५०,००० रुपयांपर्यंतच कर्ज देऊ शकते आणि मुदत ३६ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

चौथा मार्ग भागीदारीचा, म्हणजे पैशाच्या बदल्यात कंपनीचे शेअर देण्याचा. हा मार्ग सोशल मीडियावर आपल्याकडे बंद आहे, हे पक्के ध्यानात ठेवा. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार खासगी कंपनीला एका आर्थिक वर्षात दोनशेपेक्षा जास्त लोकांना असे शेअर देऊ करता येत नाहीत आणि त्याची जाहिरात तर मुळीच करता येत नाही. सेबीने २०१४ साली या विषयावर चर्चेसाठी मसुदा काढला होता. २०१६ साली मात्र तिने अशा अनधिकृत संकेतस्थळांपासून सावध राहण्याचा इशारा दिला. तेव्हा 'आमच्या स्टार्टअपमध्ये पाच हजार गुंतवा, भागीदार व्हा' असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर आला तर तो पुढे पाठवू नका आणि स्वतःही असा संदेश लिहू नका.

नोएडातल्या फराळाचे गणित

हे सगळे आपल्या घरात कसे उतरते ते पाहू. समजा, नोएडातल्या एका मोठ्या वसाहतीत राहणाऱ्या मराठी गृहिणीला दिवाळीच्या फराळाचा व्यवसाय वाढवायचा आहे. कणीक मळण्याचे यंत्र, मोठी शेगडी आणि भांडी मिळून तिला ६०,००० रुपये हवे आहेत. वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ती लिहिते, '१,५०० रुपये आगाऊ भरा, दिवाळीला चकली, चिवडा, लाडू, करंज्यांचा डबा घरपोच.' चाळीस घरांनी पैसे भरले की ६०,००० जमले. यंत्र आले!

इथेच फसगत होते. ते साठ हजार तिचे नाहीतच, ते चाळीस डब्यांचे आहेत. एका डब्याच्या तूप-साखर-बेसनाला, गॅसला आणि मदतनीस बाईला ९०० रुपये लागणार असतील, तर तिच्या वाट्याचे उरतात ६००. चाळीस डब्यांचे झाले २४,०००. यंत्रासाठी साठ हजार हवे असतील तर शंभर गिऱ्हाइके हवीत. ती मिळणार नसतील तर यंत्र लहान घ्यावे किंवा एक दिवाळी थांबावे. आगाऊ आलेला पैसा आधी मालाचा, मग आपला.

पैसे कोण देते, तेही पाहण्यासारखे असते. सुरुवातीला पैसे देतात ती ओळखीची माणसे: बहीण, मैत्रीण, शेजारीण, नवऱ्याचे सहकारी. त्यांनी दिले की त्यांच्या ओळखीचे देतात. अनोळखी माणूस येतो तो सर्वांत शेवटी, आधी किती जणांनी विश्वास ठेवला आहे हे पाहून. म्हणून हजारो अनोळखी लोकांसमोर हाका मारण्याआधी पंचवीस ओळखीच्यांना एकेकाला फोन करावा. त्यातले पाचही तयार झाले नाहीत, तर दोष सोशल मीडियाचा नसतो. माल, दर किंवा बेत पुन्हा तपासायला हवा.

एवढे कराच

खाते वेगळे ठेवा. व्यवसायाचे पैसे घरखर्चाच्या खात्यात घेऊ नका. क्यूआर कोड त्या एकाच खात्याचा असू द्या. मुलाचा, पुतण्याचा, मित्राचा नंबर 'तात्पुरता' म्हणून सुद्धा देऊ नका. बाबांच्या ढाब्याच्या वादाचे मूळ इथेच होते.

रक्कम आणि कारण आधी सांगा. 'जमेल तेवढी मदत करा' हे भाविकाला चालते, व्यावसायिकाला नाही. किती हवेत, कशाला हवेत, जास्त आले तर काय करणार आणि कमी पडले तर परत करणार का, हे चार ओळींत लिहा.

हिशेब जाहीर ठेवा. दर आठवड्याला किती आले, किती खर्च झाले, काय उरले, ते ज्या गटावर मागितले त्याच गटावर सांगा. विचारण्याची वेळ लोकांवर येऊ देऊ नका.

कर विसरू नका. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षभरात मिळालेल्या भेटीच्या रकमा मिळून ५०,००० रुपयांपेक्षा जास्त झाल्या तर सगळीच रक्कम करपात्र ठरते. आगाऊ विक्री ही तर विक्रीच असते. एकदा सनदी लेखापालाला भेटण्याची फी पुढच्या डोकेदुखीपेक्षा स्वस्त पडते. खाद्यपदार्थांचा व्यवसाय असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आणि कोणत्याही छोट्या उद्योगासाठी २०२० पासून सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी करून ठेवा.

आणि वर्गणीआधी कर्जाची चौकशी करा. फेरीवाल्यांसाठी १ जून २०२० रोजी 'पीएम स्वनिधी' योजना सुरू झाली. तीत पहिले कर्ज विनातारण १०,००० रुपयांचे होते, २०२५ साली ते १५,००० करण्यात आले. ते वेळेवर फेडले की पुढचे मोठे मिळते. रकमा लहान आहेत खऱ्या, पण कर्ज फेडताना धंद्याची शिस्त अंगी लागते. फुकट आलेला पैसा ती लावत नाही.

पैसे देणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. चित्रफीत पाहून गलबलून येणे ही चांगल्या मनाची खूण आहे. पण पैसे पाठवण्याआधी खाते कुणाच्या नावावर आहे, ते पाहा. शक्य असेल तर पैसे पाठवण्यापेक्षा माल विकत घ्या, आणि दुसऱ्या महिन्यात पुन्हा घ्या. आपल्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या भाजीवालीची चित्रफीत अजून कुणी काढलेली नसते, म्हणून तिला आपली गरज नाही असे थोडेच आहे?

कांता प्रसाद आणि बदामी देवी हॉटेल मिटवून पुन्हा टपरीवर उभे राहिले तेव्हा वाहिन्यांचे कॅमेरे पांगले होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये दिल्लीत पुन्हा टाळेबंदी लागली आणि टपरीवरचे गिऱ्हाईक परत रोडावले. त्या वेळी देशभरातले लाखो प्रेक्षक त्यांच्या उपयोगी पडणार नव्हते. उपयोगी पडणार होते, ते फक्त शिलकीत राखलेले पैसे आणि जवळपास राहणारे दहा-वीस नेहमीचे लोक. धंदा करणाऱ्याने रात्री गल्ला मोजताना ही दोनच माणसे मोजावीत: आज नव्याने कोण आले आणि कालचे कोण परत आले.